चिठ्ठीवरची पालेभाजी आणि मंडईतला भाव

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधांच्या नावांखाली बहुतेक वेळा एक ओळ असते : ‘आहारात हिरव्या पालेभाज्या व ताजी फळे घ्यावीत.’ त्याच चिठ्ठीत गोळी किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा आणि किती दिवस हे सगळे लिहिलेले असते. पालेभाजीला मात्र ना मात्रा, ना मुदत. आणि एक फरक चिठ्ठीवर दिसतच नाही. लोहाची गोळी सरकारी रुग्णालयात फुकट मिळते, मेथीची जुडी फुकट मिळत नाही. गोळीचा भाव जूनमध्ये तिप्पट होत नाही, जुडीचा होतो.

किती खावे हे आता सरकारनेच सांगितले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहारविषयक मार्गदर्शक सूचना नव्याने प्रसिद्ध केल्या. त्यांतले दोन हजार कॅलरींचे ताट पाहिले तर दिवसाला माणशी ४०० ग्रॅम भाज्या (पालेभाज्या धरून) आणि १०० ग्रॅम फळे असा हिशेब आहे. शास्त्र म्हणून त्यात खोट काढायला जागा नाही. आता हे ताट घेऊन मंडईत जाऊ. दोघे नवराबायको आणि दोन वाढत्या वयाची मुले, म्हणजे दिवसाला १ किलो ६०० ग्रॅम भाजी आणि ४०० ग्रॅम फळे. देठ, साली, किडका भाग काढल्यावर एवढे उरायला हवे, म्हणजे विकत घ्यायचे याहून जास्त. तूर्त ते बाजूला ठेवू. भाजी सरासरी ६० रुपये किलो आणि फळ ८० रुपये किलो धरले तर रोजचे १२८ रुपये होतात. पावसाळ्यात भाजीची सरासरी १०० वर गेली आणि फळ १०० झाले, की तोच आकडा २०० होतो. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती. धान्य, डाळ, तेल, गॅस, शाळा, दवाखाना आणि मोबाइल हे सगळे उरलेल्या ११२ रुपयांत बसवायचे. ही बाई मला ‘हो डॉक्टर, खाते’ म्हणते आणि चिठ्ठी घडी करून पिशवीत ठेवते, ते केवळ सौजन्य असते.

घरातला खर्च ओढूनताणून बसवताना कात्री कुठे लागते ते पाहिले पाहिजे. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळते. पोट भरायची सोय झालेली आहे. डाळ, तेल यांचे भाव चढतात, पण आठवड्यात दुप्पट होत नाहीत. भाजीचे होतात, म्हणून भाजी हीच घरखर्चातली लवचिक बाब ठरते. पाव किलोचे दीडशे ग्रॅम होतात, भाजीत बटाटा वाढतो, रस्सा पातळ होतो. शेवटी बेसनाचे पिठले, चटणी आणि भाकरी. आणि जी भाजी होते ती आधी पुरुषांच्या, मग मुलांच्या ताटात. करणारीच्या वाट्याला कढई पुसून घेतलेला मसाला येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. याला भाजीचा भाव हे एकमेव कारण आहे असे कुणी म्हणणार नाही. जंत आहेत, जास्तीची पाळी आहे, लागोपाठची बाळंतपणे आहेत. पण ताटातली भाजी कमी होणे हे त्यातले एक कारण निश्चित आहे, आणि त्याची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे.

ज्वारी, बाजरी, डाळी आणि पालेभाज्या यांतले लोह शरीरात सहज शिरत नाही. खाल्लेल्यातला थोडासाच भाग आतड्यातून शोषला जातो. त्याच जेवणात ‘क’ जीवनसत्त्व असेल तर शोषण चांगलेच वाढते. जेवणाबरोबर चहा घेतला तर घटते. म्हणून भाकरी-भाजीवर पिळलेले अर्धे लिंबू हे औषधासारखे काम करते. पण २०२२ च्या एप्रिलमध्ये हेच लिंबू नगाला दहा-पंधरा रुपयांवर गेले होते, आणि उन्हाळ्यात ते दर वर्षी कमीअधिक महाग होतेच. लोक मग आंबटपणासाठी चिंच वापरतात. चव भागते, ‘क’ जीवनसत्त्व भागत नाही. चिंचेतला आंबटपणा वेगळ्या आम्लाचा असतो, तिच्यात ‘क’ नावापुरतेच. त्याच एप्रिल-मेमध्ये कैरी स्वस्त असते आणि तिच्यात ते भरपूर असते. कच्ची कैरी किसून ताटात घेतली की लिंबाचे काम होते. डॉक्टरने सांगायची गोष्ट ही आहे.

फळांच्या बाबतीत तर आपल्याकडे सफरचंदाने विलक्षण मान मिळवला आहे. रुग्णाला भेटायला येणारा माणूस मोकळ्या हाताने येत नाही. सफरचंदे, मोसंबी नाहीतर शहाळे आणतो. त्यातही सफरचंद म्हणजे ताकद, असा समज पक्का. हिमाचल-काश्मीरहून किंवा परदेशातून आलेले, शीतगृहात महिनोन् महिने राहिलेले हे फळ वाईट आहे असे अजिबात नाही. पण १०० ग्रॅम सफरचंदात ‘क’ जीवनसत्त्व जेमतेम चार-पाच मिलिग्रॅम असते, तर तेवढ्याच पेरूत २०० मिलिग्रॅमहून अधिक. म्हणजे चाळीस पटींचा फरक, आणि पेरूची किंमत हंगामात सफरचंदाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाने. आवळ्याचे तर विचारूच नका. पेरू टोपलीत रस्त्याकडेला मिळतो, त्याला कागदी गुंडाळी नाही, स्टिकर नाही. म्हणून त्याची पत कमी. आजारी माणसाला पेरू नेला तर नातेवाईक काय म्हणतील, हाही प्रश्न असतो!

पालेभाज्यांत पालकाचे तेच झाले आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार मेथी, माठ आणि शेवग्याचा पाला यांत पालकापेक्षा जास्त लोह आहे. पालकात ऑक्झलेटही बरेच असते. शेवग्याचे झाड तर ज्याच्या दारात आहे त्याला पाला फुकट. त्याच्या शेंगा आपण किलोच्या भावाने आणतो आणि पाला झाडून टाकतो.

भाज्यांच्या भावाला महिने असतात, हे शहरातल्या नव्या पिढीला सांगावे लागते. मार्च संपला की पाणी आटते, मे-जूनमध्ये कोथिंबीर, मेथी, पालक महागतात. पाऊस सुरू झाला की उभ्या पालेभाजीत पाणी साचते, पाने सडतात, ट्रक अडतात. मग श्रावण येतो, निम्मे घर मांसाहार सोडते आणि भाजीची मागणी वाढते. पितृपक्षात गवार, भेंडी, कारले यांचे भाव कडाडतात, कारण पानावर त्या भाज्या हव्याच असतात. दिवाळीनंतर चित्र पालटते. डिसेंबर-जानेवारीत मेथीच्या जुडीला दहा रुपयेही मिळत नाहीत, मटार, गाजर, पावटा, हरभऱ्याचा कोवळा पाला सगळे एकदम बाजारात येते. भोगीच्या दिवशी सगळ्या शेंगभाज्या तिळाबरोबर एकत्र शिजवायची आपली रीत कुणी आहारतज्ज्ञाने बसवली नव्हती. त्या आठवड्यात त्या सगळ्या स्वस्त आणि कोवळ्या असतात, एवढे साधे कारण त्यामागे दिसते.

ही चढउतार हवामानापुरती असती तर निभावली असती. २०२३ मध्ये टोमॅटोने काय दाखवले ते आठवावे. मे महिन्यात नाशिक भागात किलोला दोन-तीन रुपये भाव मिळाला म्हणून शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. जुलैत तोच टोमॅटो शहरांत शंभरी ओलांडून काही ठिकाणी दोनशेपर्यंत पोहोचला. सरकारने नारायणगाव, कोलारचा माल खरेदी करून दिल्लीत सवलतीच्या दराने विकला. सप्टेंबरमध्ये भाव पुन्हा कोसळले. मातीमोल भावात रोपे उपटून टाकणारा शेतकरी पुढच्या लागवडीला हात आखडतो आणि त्या न झालेल्या लागवडीची महागाई दोन-तीन महिन्यांनी आपल्या ताटात येते. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या अभ्यासनिबंधात असे आढळले की ग्राहक टोमॅटोवर खर्च करतो त्या रुपयातले साधारण ३३ पैसे शेतकऱ्याला मिळतात. कांद्यात ३६, बटाट्यात ३७. बाकीचे पैसे सगळेच कुणी लुबाडतो असे नाही. वाहतूक आहे, हमाली-तोलाई आहे, आडत आहे, आणि किरकोळ विक्रेत्याच्या गाडीवर संध्याकाळपर्यंत सुकून जाणारा माल आहे. सकाळच्या ताज्या जुडीच्या भावात संध्याकाळी फेकून दिलेल्या जुडीची किंमत धरलेली असते.

इथे गुणवत्तेचा मुद्दा येतो. बाजारात ‘एक नंबर माल’ म्हणजे आकार सारखा, चकाकी चांगली, डाग नाही. शरीराला या गोष्टींशी देणेघेणे नसते. पालेभाजीचा कस मुख्यतः ती काढल्यापासून किती तास उलटले यावर ठरतो. उघड्यावर, उन्हात पडलेल्या पाल्यातले ‘क’ जीवनसत्त्व दिवसभरातच झपाट्याने घटते. लोह आणि चोथा मात्र जागेवर राहतो. त्यामुळे संध्याकाळी स्वस्तात मिळणारी थोडी मान टाकलेली मेथी टाकाऊ नाही, फक्त तिच्या जोडीला ‘क’ दुसरीकडून घ्यावे. किडीने दोन भोके पाडलेले वांगे चिरताना तेवढा भाग काढून बिनदिक्कत खावे. घरी येऊन भाजी आधी चिरायची, मग पाण्यात बुडवून ठेवायची आणि ते पाणी ओतून द्यायचे, याने मात्र पैसे देऊन आणलेले निम्मे मोरीत जाते. आधी धुवावे, मग चिरावे.

धुण्याबद्दल एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. शहरांत सांडपाण्यावर पालेभाजी पिकते हे उघड गुपित आहे. अशा भाजीवर पट्टकृमीची अंडी असू शकतात, आणि ती पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फिट येऊ शकते. अशा फिट्सचे रुग्ण आम्ही नेहमी पाहतो. त्यांत कधीही मांस न खाल्लेले असतात आणि त्यांना याचे आश्चर्य वाटते. शिजवलेल्या भाजीत हा धोका राहत नाही. कोथिंबीर, कोबी, मुळा, गाजर जे कच्चे खायचे ते वाहत्या पाण्याखाली पाने सुटी करून धुतलेलेच हवे. गाडीवरच्या कच्च्या कोबीबद्दल मी काय सांगणार, आपण पाहताच.

आंब्याच्या बाबतीत तर खिसा आणि तब्येत एकाच बाजूला आहेत. फळे पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास देशात बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसची अशुद्धी असते. त्याऐवजी ठरावीक मर्यादेत इथिलीन वायू वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ पासून परवानगी दिली आहे. इथिलीन फळ स्वतःच तयार करते, त्याला घाबरायचे कारण नाही. कार्बाइडचा मोह होतो तो हंगामाच्या सुरुवातीला, माल थोडा आणि भाव चढा असताना, कोवळी फळे घाईने पिवळी करण्यासाठी. गुढीपाडव्याला हजारांनी डझन घेण्याची हौस ज्यांना आहे त्यांनी ती भागवावी. मे महिन्याच्या मध्याला आंबा स्वस्त असतो, झाडावर पुरता तयार झालेला असतो आणि त्याला पिवळा करायची घाई कुणालाच नसते. (कलिंगडाला सुईने लाल रंग टोचतात असे व्हिडिओ दर उन्हाळ्यात फिरतात. एकेक कलिंगड टोचत बसायला कुठल्या व्यापाऱ्याला वेळ आहे? आणि टोचलेले कलिंगड उन्हात किती तास टिकेल?)

पावसाळ्यात शेतातली भाजी महागते तेव्हा रानातली उगवते. टाकळा, कुर्डू, कवळा, फोडशी, भारंगी, करटोली, शेवळं. ठाणे, पालघर, रायगडच्या आदिवासी बायका या भाज्यांचे वाटे मांडून रेल्वे स्थानकांबाहेर बसतात. कृषी विभाग आता रानभाजी महोत्सव भरवतो, ते चांगलेच आहे. पण त्यामुळे करटोल्यांचा भाव मटणाच्या दिशेने निघाला आहे. टाकळा मात्र अजून कुणी फॅशनेबल केलेला नाही. रानभाजी नीट ओळखून, माहीतगाराला विचारून करावी. शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजून सुजतो. त्यात काकडं घालायची असतात ती चवीसाठी नव्हेत. आणि बाजारात ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही तो लाल भोपळा : आत ‘अ’ जीवनसत्त्वाचा भरपूर कच्चा माल, अख्खा असेल तर महिनोन् महिने टिकतो, भाव बहुधा सगळ्यांत खाली. तेलाच्या फोडणीत करावा, कारण त्यातले कॅरोटीन तेलाशिवाय नीट शोषले जात नाही.

हंगामाचा संबंध काही रुग्णांच्या औषधांशीही असतो. हृदयाची झडप बदललेले रुग्ण रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन किंवा असेनोकुमॅरॉल घेतात. पालेभाजीतले ‘के’ जीवनसत्त्व या गोळीच्या नेमके विरुद्ध काम करते. वर्षभर भाजी फारशी न खाणारा माणूस जानेवारीत मेथी-पालक स्वस्त झाल्यावर रोज भरपूर खाऊ लागला, तर गोळीचा परिणाम उतरतो. अशांनी पालेभाजी बंद करायची नाही. वर्षभर थोडी पण सारखी ठेवायची आणि बदल केला तर रक्त तपासून घ्यायचे. मूत्रपिंडे निकामी होत आलेल्यांना शहाळे आणि फळे यांतल्या पोटॅशियमचा धोका असतो, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावे. मधुमेह्यांनी मे महिन्यात आंबा हौसेने खावा, पण पोळीच्या जागी, पोळीनंतर नव्हे. आणि रस काढून तर नकोच.

आता सरकारी स्वयंपाकघरांकडे वळू, कारण गरिबाच्या पोटात नियमाने भाजी घालण्याची हुकमी संधी तिथेच आहे. शाळेतल्या पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला रोज ५० ग्रॅम आणि उच्च प्राथमिकच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी देण्याचा निकष आहे. मे २०२५ पासून त्यासाठीचा खर्च अनुक्रमे ६ रुपये ७८ पैसे आणि १० रुपये १७ पैसे ठरवला आहे. त्यात डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन सगळे आले. हा दर जानेवारीतल्या पाच रुपयांच्या मेथीलाही तोच आणि जुलैतल्या चाळीस रुपयांच्या मेथीलाही तोच. रुग्णालयांच्या आहाराचे कंत्राटही असेच वर्षाच्या ठोक दराने दिले जाते. मग भाजी महागली की ठेकेदार काय करतो हे सांगायला डॉक्टर लागत नाही : बाळंतिणीच्या ताटात आठवडाभर बटाटा, नाहीतर पाण्यात पोहणारा दुधी.

माझे म्हणणे एवढेच की दर वर्षाला एक न ठेवता तिमाहीला ठरावा, जवळच्या बाजार समितीच्या भावाशी बांधावा. खाद्यपदार्थांच्या यादीत ‘पालक’ असे नाव न लिहिता ‘हंगामातली कोणतीही पालेभाजी’ असे लिहावे. धान्याला हमीभाव आहे, सरकारी खरेदी आहे. भाजीला काहीच नाही. जेव्हा मेथी शेतातच नांगरली जाते त्या आठवड्यांत अंगणवाड्या, आश्रमशाळा, वसतिगृहे आणि रुग्णालये यांनी जवळच्या शेतकरी गटांकडून थेट खरेदी केली तर ताटात दुप्पट भाजी जाईल आणि ट्रॅक्टर फिरवण्यापासून एखादा शेतकरी वाचेल. सगळ्याच भाजीची सोय यातून लागेल असे नाही, भाजी धान्यासारखी गोदामात भरून ठेवता येत नाही. पण बचत गटांना मेथी आणि शेवग्याचा पाला सावलीत वाळवून, पूड करून ठेवता येते. ‘क’ जीवनसत्त्व त्यात उरत नाही, लोह आणि चुना उरतो. आपल्या आज्या मेथी, गवार, सांडगे आणि आंबोशी वाळवून पावसाळ्याची सोय करत होत्याच.

आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवरची ती शेवटची ओळ महिन्याप्रमाणे बदलावी. आठवड्यातून एकदा मंडईत स्वतः पिशवी घेऊन गेले तरी पुरे. सध्या भाद्रपदात मी लिहितो ते असे : अळू किंवा अंबाडी आठवड्यातून तीनदा, लाल भोपळा दोनदा फोडणीत, दोडका-पडवळ स्वस्त मिळेल तसे, जेवणाबरोबर अर्धा पेरू, चहा जेवणानंतर तासाभराने. अळूबरोबर चिंच किंवा आंबट चुका हवाच, नाहीतर घसा खाजेल. मूतखडा झालेल्यांनी मात्र अळू आणि चुका दोन्ही टाळावेत. त्यांच्यासाठी मी मेथी लिहितो, जुडी महाग असली तर अर्धी. पेरू बियांसकट खाल्ला तर चालेल का, असे या रुग्णांपैकी जवळपास प्रत्येक जण विचारतो. चालतो. खडा बियांपासून होत नाही, पाणी कमी प्यायल्याने होतो.